विसण

"विस… विस…"

नानांचा डावा हात हवेत खालीवर, खालीवर होत होता. मी तांब्याभर गार पाणी बादलीत ओतलं आणि हात घालून ढवळलं.

"झालं बघा. कोमट आहे आता."

"विस!"

आणखी एक तांब्या ओतला. मग आणखी एक. पाणी इतकं निवलं की माझ्याच हातावर काटा आला, तरी यांचं आपलं चालूच. कंबर धरून मी सरळ उभी राहिले आणि वैतागून म्हटलं, "अहो नाना, आता काय बर्फाची लादी आणून टाकू?"

वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मी तेच पाणी त्यांच्या खांद्यावरून सोडलं. ते कुडकुडायला लागले. मी टॉवेल घेऊन त्यांना खसाखसा पुसलं, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि दोघं धापा टाकत भिंतीला धरून बाहेर आलो. आमच्या घरात सकाळ अशी उजाडायची.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझे वडील, रहिमतपूरच्या हायस्कुलातले नलवडे सर, जन्मभर विज्ञान शिकवत आले. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळीच गेली असती तर एक वेळ चाललं असतं. एवढा एकच तुकडा मागे राहिला होता, 'विस'. मान हलायची, पण ती होकाराला हलतेय की नकाराला, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. आई आधीच गेली होती. धाकटा भाऊ हेमंत पुण्यात नोकरीला. घरात मी आणि नाना. मी त्याच हायस्कुलात मराठी शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती सांगायचा मला कंटाळा आहे.

'विस' म्हणजे विसण, याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. न्हाणीत बसलेला माणूस, समोर बंबातल्या कढत पाण्याची वाफाळती बादली, तोंडाने 'विस' म्हणतोय आणि हाताने 'ओत, ओत' करतोय. दुसरं काय मागणार तो? त्यातून विसण हा नानांचा जन्माचा लाडका विषय.

उष्णतेचा धडा ते बादलीनेच सुरू करायचे. शाळेचा शिपाई एक बादली गरम पाण्याची आणून ठेवायचा, एक गार पाण्याची. नाना बाह्या सरसावून गारातलं गरमात ओतायचे. "आता सांगा, घरी याला काय म्हणता?"

"विसण!"

"कढत पाण्याने जेवढी उष्णता गमावली, तेवढीच या विसणाने कमावली. हिशोब चोख. पण मापून बघितलं तर थोडी कमीच भरते. मधल्या मधे कुणीतरी चोरतंय. चोर कोण?"

"बादलीऽऽ!" अख्खा वर्ग ओरडायचा. मीही त्या वर्गात होते, मीही ओरडले होते. तापायचं तर बादलीही तापते की. ती आपला वाटा गुपचूप उचलते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

त्यांचा दुसरा आवडता प्रश्न असा, की कपभर उकळत्या चहात उष्णता जास्त का बंबभर कोमट पाण्यात? पोरं हमखास 'चहात' म्हणायची. मग नाना खूश. "अरे लेकांनो, चटका बसला म्हणजे उष्णता जास्त असं नव्हे. चटका हे झालं तापमान. उष्णता किती, ते भांड्यात पाणी किती यावरही ठरतं. कपातला चहा घटकेत गार होईल, बंब दुपारपर्यंत कोमट राहील." घरी मी म्हणायचे, "काय उष्णता झालीय अंगात, तोंड आलंय." की लगेच चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मराठीच्या बाईंनी तरी शब्द जपून वापरावेत."

तर असा माणूस, आणि आता दिवसभर विसण मागत होता. न्हाणीत मागायचा तो मागायचाच. मी गॅसचं सिलिंडर फिरवत फिरवत सोप्यातून आत नेत होते, तेव्हाही 'विस'. शाळेतून येऊन, चपला न काढता दाराला टेकून उभी राहिले, तेव्हाही 'विस'. मी म्हटलं, "नाना, सकाळीच झाली की अंघोळ." तर हात आपला खालीवर, खालीवर. मला रडू कोसळायचं बाकी होतं. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं; माझी कुठल्या रूपात कुठे जात होती देव जाणे. फळ्यावर कविता लिहिता लिहिता मी उभ्या उभ्या पेंगायला लागले होते.

हेमंत आठवड्याच्या सुटीला यायचा आणि नानांची परीक्षा घ्यायचा. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून मोठ्यांदा विचारायचा, जसं काही कानच गेलेत.

"नाना, मी कोण? मी हेमंत ना? हो म्हणा बरं."

नाना भिंतीकडे बघायचे.

"नाना, हा पेन आहे की चमचा? चमचा असेल तर हात वर करा."

नाना डोळेच मिटून घ्यायचे.

"बघितलंस ताई?" तो स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणायचा. "काहीही कळत नाहीये त्यांना."

"कळतं. असले बालवाडीतले प्रश्न विचारलेस तर मीही उत्तर देणार नाही."

"मग अंघोळ झाल्यावर विसण का मागतात?"

मी भाकरी थापत राहिले.

त्या हिवाळ्यात नानांची छाती भरली. डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतलं, की या वयात एवढ्या गार पाण्याने अंघोळ घालता कशाला? मी म्हटलं, तेच मागतात. डॉक्टरांनी हेमंतकडे बघितलं आणि हेमंतने माझ्याकडे. घरी आल्यावर त्याने विषय काढला. साताऱ्याच्या पुढे एक केंद्र होतं, अशा रुग्णांसाठीचं. त्याने जाऊन बघितलंही होतं.

"मी नाही पाठवणार," मी म्हटलं.

"तू आरशात बघितलंयस का स्वतःला? ताई, मला वडीलही घालवायचे नाहीत आणि बहीणही."

"समजणाऱ्या माणसाला असं उचलून नेऊन ठेवत नाहीत, हेमंत."

"समजत असतं तर मीही म्हटलं नसतं." तो माझ्यासमोर बसला. त्याचेही डोळे खोल गेले होते. दर आठवड्याला एसटीने येऊन तोही काही कमी दमला नव्हता. "बरं, असं करू. मी शाळेच्या परीक्षा संपेपर्यंत थांबतो. तोवर त्यांना समजतंय असं एकदा, एकदाच दाखव मला. ते इथेच राहतील, मी परत नाव काढणार नाही. आणि नाही दिसलं, तर मग त्यांना इथे काय आणि तिथे काय, सारखंच. निदान तू तरी वाचशील."

मी कबूल झाले. नाहीतर करणार काय होते?

मग मी किती प्रकार केले. पाटी दिली, तर डाव्या हाताने नुसते गिरगोटे. त्यांचंच पुस्तक काढून चुन्याचा प्रयोग वाचून दाखवला. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की भांडं तापतं, आणि नवसागर पाण्यात विरघळवला की भांडं गार पडतं. हा प्रयोग करताना ते म्हणायचे, "एक देणारा, एक घेणारा. गार पडतो त्याला नावं ठेवू नका, तो आत कामात असतो." मी मुद्दाम उलटं वाचलं. म्हटलं, आता तरी चवताळतील. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुस्तकाकडे नाही, माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे. आणि म्हणाले, "विस."

मी पुस्तक मिटलं. खरं सांगते, त्या दिवशी माझाही विश्वास उडाला.

परीक्षा संपल्या आणि हेमंत गाडी घेऊन आला. मी नानांची बॅग भरून सोप्यातल्या खुर्चीवर ठेवली होती. स्वेटर, दोन धोतरं, चष्मा, आईचा फोटो. पहाटेच बंब पेटवला होता, त्यात करवंट्या जरा जास्तच घातल्या होत्या.

"आजची अंघोळ मी घालतो," हेमंत शर्ट काढत म्हणाला. "तू बस."

"तुला जमायचं नाही."

"ताई, बस म्हटलं ना."

मी बसले. न्हाणीच्या दाराशी पाट टाकून, भिंतीला पाठ टेकून बसले. सकाळच्या त्या वेळी मी बसलेय, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. पाय आपोआप लांब झाले.

हेमंतची आपली धांदल. अर्धं पाणी स्वतःच्याच विजारीवर. "नाना, विसण घालू? अजून घालू?" नाना गप्प. ते माझ्याकडे बघत होते. हेमंतने अंदाजाने तांब्या-दोन तांबे विसण घातलं, पाणी बऱ्यापैकी गरमच असणार, वाफ दिसत होती. डोक्यावरून घातलं, पाठ चोळली, पाय धुतले. बादली संपली. नानांनी एक चकार शब्द काढला नाही.

"अरेच्चा," हेमंत म्हणाला, "आज विसण मागितलंच नाही."

"पाणी बरोबर झालं असेल," मी म्हटलं. "तुझा हात चांगला आहे."

"टॉवेल कुठाय?"

"थांब, देते." गुडघ्यावर हात टेकून मी उठले. उठताना तोंडातून 'आई गं' निघून गेलं.

"विस!" नाना ओरडले.

हेमंतने हातातला तांब्या खाली ठेवला. "बघ. अंघोळ झाली, बादली रिकामी आहे. कशात घालू आता विसण? यालाच मी म्हणतो ताई, की आता…"

पुढचं मी ऐकलं नाही. मी रिकाम्या बादलीकडे बघत होते. नानांचं एक वाक्य होतं, प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की पहिलं तेच ऐकवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात तर कशामुळे काय झालं, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

मी परत पाटावर बसले. नाना गप्प झाले.

उठले. "विस! विस!"

बसले. गप्प.

"हे काय चाललंय तुझं?" हेमंत म्हणाला.

"मधे बोलू नकोस."

पाणी नव्हतंच. बादली तीच, नानांची न्हाणीतली खुर्ची तीच, हेमंत तिथेच. बदलत होते ती फक्त मी. मी उठले, मुद्दाम वाकून ती रिकामी बादली उचलली आणि कमरेवर घेतली. नानांचा डावा हात सुरू झाला, खालीवर, खालीवर. आज पहिल्यांदा मी त्या हाताकडे नीट बघितलं. तो बादलीकडे नव्हता. माझ्याकडे होता. लहान पोराला खाली बसवताना हात करतात, तसा.

"नाना," मी म्हटलं. "विसाव म्हणताय? मला… विसाव म्हणताय का?"

त्यांचा हात थांबला. तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते रडत होते की हसत होते, त्या अर्ध्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. मी बादली टाकली आणि तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारली.

आई धुण्याची बादली घेऊन आत आली, की पेपरातून डोकं वर काढून नाना म्हणायचे, "विसाव गं जरा." उठून बादली मात्र कधी हातातून घेतली नाही. लहानपणी हजारदा ऐकलेला शब्द. आणि मी मराठीची बाई! बापाने एक शब्द, एकच शब्द जीव तोडून सांगावा, आणि मी त्याच्यावर गार पाणी ओतावं. मला हसू यायला लागलं. हसताना हुंदके आले आणि मग नुसते हुंदकेच राहिले.

"म्हणजे…" हेमंत म्हणाला. त्याच्या विजारीतून पाणी निथळत होतं. "म्हणजे सगळं कळत होतं त्यांना?"

"सगळं."

"चमचा आणि पेनसुद्धा?"

"अरे गाढवा, म्हणून तर डोळे मिटायचे."

तो नानांच्या पायाशी बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून माफ करा, माफ करा म्हणत राहिला. नानांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. ती माफी होती का शिक्षा, तेवढं मात्र कळलं नाही.

दोघांनी मिळून त्यांना कोरडं केलं, कपडे चढवले, सोप्यात आणलं. मी जिंकले होते. खुर्चीवरची बॅग मी उचलून जमिनीवर ठेवली आणि त्यांना तिथे बसवलं. हेमंतला म्हटलं, "गाडी परत घेऊन जा. ठरलं होतं आपलं."

"हो," तो म्हणाला. "ठरलं होतं."

तेवढ्यात काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. नाना वाकले होते. डाव्या हाताने बॅगेचा बंद पकडून ती पायाशी ओढत होते. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा पकडला. बॅग कशीबशी मांडीवर घेतली, तिच्यावर हात ठेवला, आणि दाराकडे बघायला लागले.

"नाना?" मी म्हटलं. "ती ठेवा खाली. तुम्ही कुठेही जात नाही आहात."

त्यांनी बॅग घट्ट धरली. हेमंतकडे बघितलं. पुन्हा दाराकडे. मग माझ्याकडे वळून, न ओरडता, अगदी हळू म्हणाले, "विस."

माझं डोकंच फिरलं. "मला नकोय विसावा! मला विचारलंय का कुणी? एवढे महिने तुमच्यासाठी भांडले मी, तुम्हाला समजतं, तुम्हाला समजतं म्हणून! आणि समजत होतं तर हे? हे करायला समजत होतं?" आणखीही बरंच बोलले. सगळी चिडचिड, सगळं जागरण तोंडातून बाहेर पडलं. हेमंत घाबरून एका कोपऱ्यात उभा.

नाना थांबले. वर्गातला गोंगाट ओसरेपर्यंत थांबायचे ना, छडी न उगारता, नुसते उभे राहून, तसे थांबले. माझे शब्द संपले. मग त्यांनी हात उचलला आणि हवेत खालीवर केला.

मी बसले.

ते गेले. गाडीत बसताना त्यांनी माझ्या गालाला पालथा हात लावला, ताप आहे का बघतात तसा. गाडी वळली आणि मी घरात आले.

बंबात अजून पाणी होतं. उगाच वाया कशाला घालवायचं म्हणून बादली भरली. विसण घातलं, हात घालून बघितलं, आणखी जरा घातलं. मला आवडतं तसं, दुसऱ्या कुणाला नाही. सावकाश अंघोळ केली. पलंगावर पडले ती दिवेलागणीला उठले. अंग हलकं वाटत होतं. त्याचा मला राग आला, पण वाटत होतं.

पहिल्या रविवारी भेटायला गेले. केंद्रात हौसाबाई म्हणून एक मावशी होत्या, माझ्याच वयाच्या असतील, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हातात कपड्यांचा पिळा. आधीच्या खोल्यांतल्या सगळ्यांच्या अंघोळी उरकून त्या नानांकडे आल्या होत्या. नाना खिडकीशी बसले होते. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला.

"तुमचं वडील लई गुणाचं हाईत बघा," हौसाबाई म्हणाल्या. "कसला तरास न्हाई. फकस्त येकच खोड. मी बादली घिऊन आले की ईस, ईस करत्यात. म्या म्हनलं, इसण मागत्यात जनू. घालते आपलं गार पानी. तर अजूनच कालवा!"

तेवढ्यात नानांचा हात हवेत उठला. "विस… विस…"

हौसाबाई तांब्या घेऊन नळाकडे वळल्या.

"पाणी नको, मावशी," मी म्हटलं. "ते तुम्हाला बसा म्हणतायत."

"क्काय?"

"विसावा जरा, म्हणतायत. तुम्हाला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग नानांकडे. नानांचा हात खालीवर होत होता. हौसाबाईंनी आधी दाराकडे बघितलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. मग बादली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि खाटेच्या कडेवर अंग चोरून टेकल्या.

नानांचा हात मांडीवर आला.